शेताला मोजता येतं

ती आली तेव्हा मी पाचव्या ओळीत होते,
कमरेला ओटी, ओटीत सकाळपासूनचा कापूस.
बांधावर उभी राहून म्हणाली, मावशी, दहा मिनिटं द्याल?
हातात टॅब, पायात शहरातले बूट.
म्हटलं, विचार. पण माझ्यासोबत चालत विचार.

घरात माणसं किती?
चार. सासू धरून.
सासूला आता धरायचं का, ते तुझ्या टॅबला विचार.
शेत किती?
अनेरकाठी साडेतीन एकर. पाणी त्यातल्या एकराला.
मागच्या वर्षी निंदणीला किती दिवस माणसं लागली?

इथे मी थांबले.
मागच्या वर्षी निंदणीला सुलोचना होती, माझी नणंद.
पहाटे कळण्याच्या भाकरी थापून
माझ्याआधी ओळ धरायची.
यंदा वैशाखात सुरतेला दिली.
शेत काही वाढलं नाही, कमीही झालं नाही,
पण श्रावणात गवत कपाशीच्या कानाला लागलं.

ते दोन वेगळे रकाने आहेत, मावशी, ती म्हणाली.
घराचा वेगळा, शेताचा वेगळा.
माणूस कमी पडलं तर मजूर लावायचे.
तिला वाटत होतं मजूर म्हणजे दुकानातलं मीठ,
डबा रिकामा झाला की पोराला पाठवायचं.

लावले की.
केवळबाई मुकादमीणीच्या ओट्यावर तीन रात्री बसले.
पण सगळ्या गावाचं गवत एकाच आठवड्यात वाढतं.
उघडीप पडली की सगळ्यांना बायका हव्या, त्याच दिवशी,
आणि त्या बायकांचंही कुठे बिघाभर असतं,
तिथेही तेच गवत.
वैजापूरकडून पहाटे पिकअप येते,
चाळीस एकरवाला गाडीचं भाडं आधीच बोलून ठेवतो.
माझ्या बांधावर तर ती वळायलाही जागा नाही.

शेवटी पाचजणी मिळाल्या. अडीचशे रोज, चहा दोनदा.
त्यात रुमाली म्हणून पावऱ्यांची एक पोर,
हात असा की खुरपं दिसू नये.
बाकीच्यांच्या पुढे राहिले तर मागे गवत राहायचं,
मागे राहिले तर पुढे गप्पा.
त्यांना नावं ठेवत नाही मी.
मीही दुसऱ्याच्या शेतात जाते तेव्हा
माझी कंबर संध्याकाळच्या घरासाठी
थोडी राखून ठेवते.

हेही लिही, म्हटलं.
माघात पऱ्हाटी उपटून झाली
की कोणी हाक मारत नाही.
धुडकू, माझा नवरा, केळीच्या गाड्या भरायला रावेरला जातो,
पाचशे रोज. तिथे बायकांना नेत नाहीत.
मी ओट्यावर बसते, दोन्ही हात मांडीवर.
बाजारात उरलेली मेथी बकरी तरी खाते.
न विकलेला दिवस कोण खातं?

तिच्या यादीत हा प्रश्न नव्हता.

तुमच्या हिशोबात शेताला कळायलाच नको ना,
घरात ताटं किती मांडली जातात?
त्याला कळतं, बाई.
नणंद गेली, कळलं.
पोराला दहावीच्या क्लासला बसवलं,
लगेच कळलं: पूर्वेच्या त्या चार ओळी बघ,
कापूस लोंबतोय, रोज दव खातोय,
व्यापारी तो हातात दाबून बघेल आणि भाव तोडेल.

मग ती, नाव हर्षाली,
टॅब पिशवीत ठेवून त्या ओळींत शिरली.
बोंडाची टोकं बोटांना लागत होती तिच्या,
कापसासोबत काडीकचरा येत होता.
दुपारी काट्यावर टाकला. सातशे ग्रॅम.
दहा रुपये किलोनं सात रुपये.
ती घेईना. मला फुकट ठेववेना.
अर्ध्या भाकरीवर आणि ठेच्यावर मिटलं.

निघताना तिने टॅब पुन्हा उघडला.
म्हणाली, मावशी, आजचे माझे हात
कोणत्या रकान्यात टाकू, घरचे की मजुरीचे?

मी पूर्वेकडे बघितलं.
तीन ओळी उरल्या होत्या,
आणि एक अर्धी.